कर्नल बांधताना प्रोसेसरचे पर्याय कसे वाचावेत

गणपतीला गावी येणारे चाकरमानी गेली काही वर्षे देवगड तालुक्यातल्या आमच्या छोट्या संगणकवर्गासाठी घरातली किंवा कचेरीतली जुनी यंत्रे आणून देतात. त्यामुळे वर्गात आज एकाच रांगेत तीन पिढ्यांची यंत्रे नांदतात : कोअर टू ड्युओची काही, चौथ्या पिढीतल्या कोअर आय-फाइव्हची तीन आणि एएमडी रायझनचा एक लॅपटॉप. या सर्वांवर लिनक्स चालते, आणि दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी तरी लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा त्याचा गाभा, स्वतः बांधून पाहण्याचा हट्ट धरतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्याप्रमाणे पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या वाचकांसाठी आहे.

कर्नल कंपाइल करणे, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडपासून यंत्राला कळणारी फाइल बनवणे, फारसे अवघड नाही; अवघड असते ती त्याआधीची, कर्नलमध्ये काय काय ठेवायचे हे विचारणारी प्रश्नावली. त्यातही ‘प्रोसेसर टाइप अँड फीचर्स’ या विभागात शिरल्यावर भलेभले थबकतात, कारण तिथले बहुतेक पर्याय ज्यांना ते आधीच ठाऊक आहेत अशांनी, तशाच माणसांसाठी लिहिलेले असतात. नवखा माणूस मग दोनपैकी एक चूक करतो. एक तर दिसेल ते ‘हो’ करत सुटतो, नाही तर ‘आपल्याला याची गरज नसावी’ अशा अंदाजाने भराभर ‘नाही’ म्हणत जातो. यातली दुसरी चूक अधिक महागात पडते, असे मला अनुभवाने वाटते. मात्र एक पर्याय असा आहे की जिथे उलटच घडते, आणि त्याची हकिगत पुढे येईल.

प्रत्येक पर्यायाचा तांत्रिक अर्थ मुळापासून समजलाच पाहिजे असे नाही. त्याच्याबाबत दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय घेता येतो. ही सोय आपल्या यंत्रात नसताना आपण ‘हो’ म्हटले, तर काय बिघडेल? आणि ती यंत्रात असताना ‘नाही’ म्हटले, तर काय बिघडेल? पुढची सगळी चर्चा या दोन प्रश्नांच्या आधाराने केली आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

पहिली पायरी : यंत्राची ओळख करून घेणे

प्रश्नावलीला हात लावण्यापूर्वी टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी आणि जे दिसेल ते वहीत उतरवून घ्यावे. पडद्यावरून वाचून पुढे जाऊ नये, वहीतच लिहावे. कारण पुढे दहा वेळा याच आकड्यांकडे परत यावे लागते. आमच्या एका जुन्या यंत्रावर ही आज्ञा दिली तेव्हा उपयोगाच्या ओळी अशा होत्या : आर्किटेक्चर ‘एक्स८६-६४’, एकूण सीपीयू २, प्रत्येक कोअरमागे थ्रेड १, प्रत्येक सॉकेटमागे कोअर २, सॉकेट (चिप बसवण्याची जागा) १, नूमा नोड (मेमरीचे वेगळे गट) १. त्याखाली ‘फ्लॅग्ज’ या शीर्षकाची, लहान लहान शब्दांनी खच्चून भरलेली एक लांबलचक यादी होती.

ही यादी पाहून घाबरायचे कारण नाही. तिच्यातले चार-पाच शब्दच आपल्या कामाचे आहेत. ‘एलएम’ असेल तर प्रोसेसर ६४ बिटांचा आहे. ‘व्हीएमएक्स’ असेल तर इंटेलची आणि ‘एसव्हीएम’ असेल तर एएमडीची, आभासी यंत्रे चालवण्याची सोय त्यात आहे. ‘हायपरव्हायझर’ हा शब्द दिसला तर आपण खऱ्या यंत्रावर नसून एखाद्या आभासी यंत्राच्या आत बसलो आहोत. ‘एक्स-टू-एपिक’ आहे की नाही तेही टिपून ठेवावे. त्याचे काम पुढे पडेल.

इथे एक फसवी जागा आहे. यादीत ‘एचटी’ हा शब्द दिसला की विद्यार्थी लगेच ‘हायपरथ्रेडिंग आहे’, म्हणजे एकच कोअर एका वेळी कामाचे दोन धागे (थ्रेड) चालवतो, असे लिहून मोकळे होतात. पण हा शब्द ज्यात हायपरथ्रेडिंग मुळीच नाही अशा कोअर टू ड्युओमध्येही दिसतो, कारण एका चिपमध्ये एकाहून अधिक तार्किक प्रोसेसर असू शकतात एवढेच तो सांगतो. हायपरथ्रेडिंग आहे की नाही हे ठरवताना ‘प्रत्येक कोअरमागे थ्रेड’ ही ओळच प्रमाण मानावी. तिथे १ असेल तर नाही, २ असेल तर आहे.

दुसरी पायरी : चालत्या कॉन्फिगपासून सुरुवात

कोऱ्या पाटीवर कर्नलची प्रश्नावली सोडवायला बसू नये. आपल्या यंत्रावर आज जो कर्नल चालतो आहे, त्याची उत्तरपत्रिका बहुतेक वितरणांत (डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांत) ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये ठेवलेली असते. त्या नावात पुढे कर्नलची आवृत्ती असते, आणि ती ‘यूनेम’ आज्ञेला उणे-आर जोडून कळते. ही फाइल उचलून सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ या नावाने ठेवावी आणि मग ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. जुन्या उत्तरांना हात न लावता, नव्या आवृत्तीत वाढलेल्या प्रश्नांना ती मूलभूत उत्तरे भरून देते. नवे प्रश्न नेमके कोणते आले हे पाहायचे असेल, तर तत्पूर्वी ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ चालवावे.

डेबियन किंवा उबुंटूची फाइल उचलली असेल, तर त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा उल्लेख तिच्यात राहून जातो आणि बांधणी मध्येच ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबते. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ या पर्यायातला, आणि उबुंटूच्या फाइलीत ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ यातलाही, मजकूर रिकामा केला की हा अडथळा दूर होतो. प्रोसेसरशी याचा काही संबंध नाही, पण पहिल्याच दिवशी माणूस इथे अडकतो म्हणून सांगितले. तसेच ‘लोकल व्हर्जन’ या पर्यायात आपली एखादी खूण घालावी, म्हणजे आपला कर्नल आणि वितरणाचा कर्नल यांची गल्लत होत नाही.

तिसरी पायरी : मदतीचा मजकूर वाचायला शिकणे

‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळ्या पार्श्वभूमीवर निवडसूची उघडते. बाणांच्या कळांनी वरखाली जावे, एंटर दाबून विभागात शिरावे, ‘वाय’ने पर्याय कर्नलमध्येच सामावून घ्यावा, ‘एम’ने मॉड्यूल (लागेल तेव्हा भरायचा तुकडा) म्हणून वेगळा ठेवावा आणि ‘एन’ने वगळावा. प्रोसेसरच्या विभागातल्या बहुतेक पर्यायांना ‘एम’ची मुभा नसते, कारण मॉड्यूल भरण्याची वेळ येण्याआधीच, यंत्र सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी, त्यांची गरज लागते.

पर्यायावर असताना प्रश्नचिन्हाची कळ दाबली की मदतीचा मजकूर येतो, आणि तिरकी रेघ दाबली की नावाने शोध घेता येतो. शोधाच्या निकालात पर्यायाच्या नावाखाली त्याचे ठिकाण, तो कशावर अवलंबून आहे आणि तो कोणी आपोआप निवडला आहे, ही माहिती असते. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे अमुक चालू असल्याशिवाय हा पर्याय दिसणारच नाही. ‘सिलेक्टेड बाय’ म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी पर्यायाने याला हाताला धरून ओढून आणले आहे आणि तो दुसरा बंद होईपर्यंत हा बंद होणार नाही. ‘मी एन दाबतोय, पण काही होतच नाही’ ही तक्रार दहापैकी नऊ वेळा या दुसऱ्या कारणाने येते. शोधलेला पर्याय यादीत आहे पण निवडसूचीत सापडत नाही, अशी तक्रार पहिल्या कारणाने येते.

मदतीच्या मजकुराच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : शंका असेल तर हो म्हणा, किंवा नाही म्हणा. ही ओळ नवख्याला देवासारखी वाटते, आणि बहुतेक वेळा तिचे ऐकायला हरकतही नसते. पण ती कधी लिहिली गेली होती, याचा विचार करावा. एखाद्या सोयीचे दहा वर्षांपूर्वी मोजक्याच मोठ्या यंत्रांना काम असेल, तर तेव्हा ‘नाही म्हणा’ असा सल्ला योग्य होता. तीच सोय आज साध्या लॅपटॉपमध्ये आली असेल, तरी सल्ला तसाच राहून गेलेला असू शकतो.

चौथी पायरी : प्रोसेसरचे कूळ

‘प्रोसेसर फॅमिली’ हा विभागातला सर्वात ठळक पर्याय असून त्याच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. ज्या कर्नलमध्ये ही यादी दिसते तिथे ऑप्टेरॉन, कोअर टू, ॲटम, जेनेरिक अशी नावे असतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की हा ‘तुमचा प्रोसेसर कोणता?’ असा साधा प्रश्न आहे. वास्तविक प्रश्न वेगळा आहे. ‘हा कर्नल ज्या यंत्रांवर चालायचा आहे, त्यांपैकी सर्वात जुन्या यंत्राला कोणत्या सूचना कळतात?’ असे तो विचारतो. खाडीच्या मुखातून होडी काढताना ओहोटीला किती पाणी उरते ते बघावे लागते. भरतीच्या पाण्यावर भरवसा ठेवून बांधलेली होडी ओहोटीला रेतीत रुतते, उथळ पाण्यासाठी बांधलेली मात्र भरतीलाही चालते. ‘जेनेरिक’ म्हणजे अशी उथळ पाण्याची होडी.

कर्नलच्या ६.१६ आवृत्तीपासून ‘नेटिव्ह सीपीयू’ नावाचा एक पर्याय आला आहे. तो चालू केला की ज्या यंत्रावर बांधणी चालली आहे, त्याच यंत्राच्या प्रोसेसरला ओळखून कंपायलर त्याच्यासाठी खास सूचना वापरतो. त्याआधीही हौशी मंडळी कंपायलरला तसा निर्देश हाताने देत असत, आणि आमच्या वर्गात फजिती झाली ती अशाच एका निर्देशाने. एका मुलाने चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर कर्नल बांधला, कारण ते यंत्र वेगवान. आणि पेनड्राइव्हवर घेऊन कोअर टू ड्युओवर बसवला. यंत्र सुरू केले, कर्नल निवडला आणि पुढे काहीच घडले नाही. त्रुटीची एक ओळसुद्धा आली नाही. “सर, पडदो काळोच रवलो,” असे म्हणत तो माझ्याकडे आला, तेव्हा मीही आधी रॅम काढून पुसली, मग व्हीजीएची वायर बदलली, आणि अर्धा तास वाया घालवल्यावर बांधणी कुठे झाली होती हा प्रश्न विचारला. आय-फाइव्हच्या त्या पिढीने ‘बीएमआय’ गटातल्या काही नव्या सूचना आणल्या होत्या; कोअर टू ड्युओला त्या ठाऊक नाहीत. कर्नलला पडद्यावर अक्षर उमटवण्याइतकी उसंत मिळण्यापूर्वीच प्रोसेसर अनोळखी सूचनेपाशी अडकला. आपल्या दोन प्रश्नांच्या भाषेत सांगायचे, तर ‘यंत्रात नसताना हो म्हटले तर काय बिघडेल?’ याचे उत्तर इथे ‘सर्व काही’ असे आहे.

आता दुसरी बाजू. ‘जेनेरिक’ ठेवले तर किती वेग हातचा जातो? फार थोडा, आणि त्याची दोन कारणे आहेत. कर्नलचा सर्वसाधारण कोड कंपाइल करताना एसएसई, एव्हीएक्स यांसारख्या मोठ्या रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवण्याच्या खणांच्या) सूचना मुद्दाम बंद ठेवल्या जातात, कारण त्या रजिस्टरांत वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमचा माल पडून असतो आणि प्रत्येक वेळी तो बाजूला काढून ठेवणे परवडत नाही. म्हणजे नव्या प्रोसेसरची जी ताकद कर्नलबाहेरच्या कामात खरा फरक पाडते, ती इथे बहुतांशी वापरलीच जात नाही. दुसरे असे की कर्नल सुरू होताना प्रोसेसरला त्याच्या सोयी विचारतो आणि स्वतःच्या कोडमधल्या ठरावीक जागा त्याप्रमाणे तिथल्या तिथे बदलून घेतो. खास एन्क्रिप्शनसारखी कामेही यंत्रात सोय सापडली तरच ती वापरतात. म्हणून माझा सल्ला ठाम आहे : एकाहून अधिक यंत्रांसाठी कर्नल बांधत असाल तर जेनेरिकच ठेवावे, आणि एकाच यंत्रासाठी बांधत असाल तरी पहिला कर्नल जेनेरिकच बांधावा. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ६४ बिटांसाठीची ही यादीच काढून टाकली आहे, ते बरेच झाले.

जुन्याला किती काळ सांभाळायचे, हा प्रश्न कर्नललाही सुटलेला नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या ८०३८६ प्रोसेसरवर लिनक्सची सुरुवात केली, त्याच प्रोसेसरचा आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. आमच्या वर्गातले कोअर टू ड्युओ त्या मानाने तरुण आहे.

पाचवी पायरी : बाकीच्या पर्यायांचे स्वभाव

कूळ बाजूला ठेवले की उरलेले पर्याय स्वभावाने बरेच सौम्य आहेत. त्यांना सरसकट एका रांगेत उभे न करता कोण कशाबद्दल बोलतो आहे, हे ओळखावे.

काही पर्याय केवळ जागा राखतात. ‘मॅक्झिमम नंबर ऑफ सीपीयूज’ हा त्यांचा नमुना. पाच डझनांच्या पेटीत दोनच आंबे ठेवले तर आंबे नासत नाहीत, पेटी मोठी दिसते इतकेच. तसे ६४ सीपीयूंची मर्यादा ठेवून २ सीपीयूंच्या यंत्रावर कर्नल चालवला तर काही बिघडत नाही. मदतीचा मजकूर प्रत्येक सीपीयूमागे अंदाजे ८ केबी वाढतात असे सांगतो. त्या हिशेबाने ६४ ऐवजी ८ केले तर साधारण ४४८ केबी वाचतील, आणि ४ जीबी रॅमच्या यंत्रात ती बचत कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट २ घालून बसलात आणि उद्या हाच कर्नल आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर नेलात, तर उरलेले सहा सीपीयू मुकाट्याने निजून राहतील. कोठेही त्रुटी दिसणार नाही, लॅपटॉप मात्र मंद वाटेल. ‘मॅक्स एसएमपी’ हा त्याच्या शेजारचा पर्याय मर्यादा थेट ८१९२ वर नेतो. तो मोठ्या सर्व्हरांसाठी आहे. नूमाचेही तसेच. वहीत नूमा नोड १ लिहिले असेल तर त्याची गरज नाही, पण राहिला तर उपद्रवही नाही.

काही पर्याय एखादी सोय असेल तर तिच्याशी बोलण्याची भाषा कर्नलला देतात. ‘एक्स-टू-एपिक’ हे याचे उत्तम उदाहरण असून मी वर्गात प्रत्येकाला तो मुद्दाम वाचायला लावतो. कीबोर्डची कळ दाबली, नेटवर्कवरून माल आला, डिस्कचे काम संपले, असे प्रत्येक निमित्त प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारी जी यंत्रणा आहे, तिची ही नवी आवृत्ती. ती यंत्रात नसताना ‘हो’ म्हटले, तर कर्नल जुन्या पद्धतीवर येतो आणि निमूट चालू राहतो. ती असताना ‘नाही’ म्हटले तर? बऱ्याच यंत्रांवर काही होत नाही. पण २०२२ नंतरच्या काही इंटेल यंत्रांमध्ये ती बायॉसकडूनच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडूनच) कायमची चालू करून ठेवलेली असू शकते, आणि तिथे ही भाषा न येणारा कर्नल सुरू झाला तरी अगदी लुळापांगळा चालतो. एका बाजूला शून्य तोटा, दुसऱ्या बाजूला मोठा तोटा. असे चित्र दिसले की आकृत्या समजोत न समजोत, उत्तर ‘हो’ हेच. पूर्वी या पर्यायाच्या मदतीत ‘ठाऊक नसेल तर नाही म्हणा’ असा सल्ला होता. अलीकडे तो मजकूर सुधारण्यात आला आणि सल्लाही उलटला.

‘इंटेल लो पॉवर सबसिस्टिम’ हा पर्यायही याच जातीचा. नावावरून तो विजेच्या बचतीचा वाटतो, म्हणून डेस्कटॉपवाले तो बंद करतात, आणि लॅपटॉपवालेही करतात. प्रत्यक्षात अनेक लॅपटॉपांचा टचपॅड ज्या छोट्या वाहिनीवरून प्रोसेसरशी बोलतो, ती वाहिनी या यंत्रणेवर टेकलेली असते. तो बंद झाला की यंत्र उत्तम चालते, फक्त बोट फिरवले तरी बाण हलत नाही, आणि माणूस टचपॅडचा ड्रायव्हर शोधत बसतो. नावावरून अर्थ लावू नये तो असा.

काही पर्याय धोरण ठरवतात, सोय देत नाहीत. टायमरची वारंवारता १००, २५०, ३०० किंवा १००० ठेवता येते. २५० म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक ठोका. प्रीएम्प्शनचे पर्याय सर्व्हरसाठी की डेस्कटॉपसाठी, म्हणजे एकूण काम जास्त व्हावे की प्रतिसाद चटकन मिळावा, हे विचारतात. इथे चुकीच्या उत्तराने काहीही मोडत नाही. वितरणाने दिलेले उत्तर ठेवावे आणि पुढे जावे. यावर वाद घालण्यात रात्र घालवणारे मी पाहिले आहेत.

सुरक्षेचे पर्याय मात्र वेगळ्या तागडीत तोलावे लागतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे, मेमरीतली गुप्त माहिती चोरू देणारे, प्रोसेसरच्या रचनेतलेच दोष जाहीर झाले, आणि तेव्हापासून ‘मिटिगेशन्स फॉर सीपीयू व्हल्नरेबिलिटीज’ हा विभाग वाढतच गेला आहे. या उपायांनी वेग थोडा कमी होतो, हे खरे. त्यामुळे जुन्या यंत्रावर ते बंद करण्याचा मोह होतो, आणि नेमके जुन्या यंत्रावरच ते बंद करू नयेत. कोअर टू पिढीच्या प्रोसेसरांना या दोषांवरचा सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत बसणारा सूचनासंच) इंटेलने दिला नाही; त्यामुळे तिथे कर्नलने केलेला बंदोबस्त हाच काय तो बंदोबस्त. शिवाय ज्या प्रोसेसरला एखादा दोष नाही, तिथे कर्नल तो उपाय स्वतःहून लागू करत नाही. एएमडीला मेल्टडाउनचा उपद्रव नाही, म्हणून पर्याय चालू असला तरी रायझनवर मेल्टडाउनवरचा, कर्नलच्या मेमरीच्या पानांचे कोष्टक वेगळे ठेवण्याचा उपाय निष्क्रिय राहतो. म्हणजे ‘नसताना हो’ची किंमत इथेही नगण्य आहे.

‘एक्स्पर्ट’ हा पर्याय मात्र नवख्याने चालू करू नये. तो चालू केला की इंटेल, एएमडी यांच्या प्रोसेसरांचा आधारच काढून टाकण्याची मुभा देणारे प्रश्न उघडे पडतात. रायझनवर एएमडीचा आधार काढलेला कर्नल सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि बदल्यात वाचते ती जागा मूठभर.

आभासी यंत्रातच कर्नल चालवायचा असेल, तर ‘लिनक्स गेस्ट सपोर्ट’ चालू ठेवावा.

सहावी पायरी : वहीतली नोंद

निवडसूचीतून बाहेर पडण्यापूर्वी ज्या पर्यायाला आपण स्वतः हात लावला, त्याची वहीत नोंद करावी. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने केलेली नोंद मला इतकी आवडली की तीच आता सर्वांना नमुना म्हणून दाखवतो. तिने लिहिले होते : “एक्स-टू-एपिक. काम : यंत्राच्या भागांकडून आलेली हाक प्रोसेसरपर्यंत नेणे. माझ्या यंत्रात आहे का : फ्लॅग्जमध्ये शोधले, नाही. नसताना हो : काही नाही, जुने वापरेल. असताना नाही : काही नव्या यंत्रांवर कर्नल अर्धमेला. उत्तर : हो. कारण : हाच कर्नल रायझनवरही न्यायचा आहे.” सात ओळींत सर्व आले. यातली तिसरी ओळ, म्हणजे शोधून पाहिले की अंदाजाने लिहिले, ही मी सर्वात आधी तपासतो. ‘काम’ या ओळीत मदतीच्या मजकुराचे शब्दशः भाषांतर कोणी लिहिले असेल, तर मी ते खोडून पुन्हा लिहायला सांगतो. आजीला सांगता येईल इतपत साधे वाक्य जमेपर्यंत तो पर्याय समजला असे धरत नाही.

पर्यायांची काटछाट करण्यासाठी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा उपयोगी आहे. त्या क्षणी जी मॉड्यूल भरलेली आहेत तेवढीच ती ठेवते, त्यामुळे बांधणीचा वेळ खूप कमी होतो. परंतु ‘त्या क्षणी’ हे शब्द लक्षात ठेवावेत. प्रिंटर, वायफायची डोंगल, मोबाइलचा यूएसबी इंटरनेट, जे जे कधी तरी लागणार ते ते आधी जोडून, एकदा वापरून, मग ही आज्ञा द्यावी. आमच्या इथे पावसात ब्रॉडबँड गेले की मोबाइलवरूनच नेट घ्यावे लागते. तो ड्रायव्हर वगळलेला कर्नल जुलैमध्ये काय कामाचा?

सातवी पायरी : बांधणी आणि पडताळणी

‘मेक’ला उणे-जे आणि वहीतला सीपीयूंचा आकडा जोडून बांधणी सुरू करावी. डेबियन घराण्यात ‘बाइनडेब-पीकेजी’ हे लक्ष्य दिले तर थेट बसवता येणारी पॅकेजे तयार होतात आणि नंतर ती काढून टाकणेही सोपे जाते. डिबगची माहिती वगळली तर डिस्कची कित्येक जीबी जागा वाचते.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की बांधणी चालू असताना वीज जाणे, हे आमच्याकडे गृहीतच धरावे लागते. घाबरू नये, वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली की काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालते. क्वचित एखादी अर्धवट, शून्य आकाराची ऑब्जेक्ट फाइल मागे राहते आणि जोडणीच्या वेळी तक्रार करते. त्रुटीत तिचे नाव येते. ती एकच फाइल पुसून पुन्हा आज्ञा द्यावी. सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्याची घाई करू नये.

नवा कर्नल बसवताना जुना काढू नये. ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत दोन्ही राहू द्यावेत, म्हणजे पडदा काळाच राहिला तरी यंत्र पुन्हा सुरू करून जुन्यावर परतता येते. नवा कर्नल सुरू झाला की ‘यूनेम’ने आपली खूण दिसते का पाहावे, ‘एलएससीपीयू’ पुन्हा चालवून सीपीयूंचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळतो का ते बघावे, आणि ‘सिस’ फोल्डरखालच्या सीपीयूच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधल्या फाइली वाचाव्यात. कोणत्या दोषावर काय बंदोबस्त लागू आहे, हे तिथे एकेका ओळीत लिहिलेले असते. टचपॅड, आवाज, वायफाय आणि झोपेतून जागे होणे हेही त्याच दिवशी करून पाहावे.

शेवटी ‘डॉट कॉन्फिग’ची प्रत यंत्राच्या नावाने आणि तारखेने जपून ठेवावी. पुढच्या वेळी सोर्स कोडमधल्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली ‘डिफकॉन्फिग’ ही स्क्रिप्ट जुन्या-नव्या दोन फाइली घेऊन नेमके काय बदलले तेवढेच दाखवते. आम्ही प्रत्येक यंत्राच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर प्रोसेसरचे नाव, थ्रेडचा आकडा, चालू कर्नलची खूण आणि ‘बांधणी कोणत्या यंत्रावर झाली’ असे चार रकाने आहेत. चौथा रकाना त्या काळ्या पडद्यानंतर वाढवला.